दुधाचा आटापिटा

मराठी घरात कुठल्याही गृहोद्योगाची सुरुवात डब्याच्या मागच्या बाजूला होते. पुढचं चित्र बघून वस्तू टोपलीत टाकणारी माणसं निराळी. आपण डबा उलटा करतो, चष्मा कपाळावर चढवतो, बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेतो आणि 'दूध, साखर' एवढंच वाचून दुकानदाराकडे संशयाने बघतो. एवढ्याचे दीडशे रुपये?

दुकानातून घरी येईपर्यंत हिशेब तयार असतो. फुल क्रीम दूध लिटरला ७०-७५ रुपये, साखर पावशेराच्या आत, म्हणजे दहा रुपये धरा. कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा घरच्या घरी ८०-८५ रुपयांत पडतो. हा हिशेब चुकीचा नाही, हीच त्यातली मेख. चुकीचा असता तर मामला दुकानाच्या पायरीवरच मिटला असता. डब्यात ४० टक्क्यांहून अधिक साखर असते, पाव हिस्सा पाणी आणि बाकी दुधाचा घट्ट ऐवज. म्हणजे लिटरभर दुधात पावणेदोनशे ग्रॅम साखर घालायची आणि त्यातलं पाऊण लिटर पाणी काढून टाकायचं. कागदावर बरोबर एक डबा होतो, वर चाटायला दोन चमचे उरतात. सगळं घोडं अडतं ते त्या पाऊण लिटर पाण्यापाशी.

हे खूळ वर्षभर नसतं. ते येतं मुलीचा वाढदिवस नेमका संकष्टीला आला की. मग केक बिनअंड्याचा हवा, बिनअंड्याच्या केकला कंडेन्स्ड मिल्क हवं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडचे डबे गणपतीतच संपलेले असतात. 'सोमवारी येईल,' तो म्हणतो. कुठला सोमवार ते सांगत नाही. अशा वेळी मोबाइलवर एक ताई भेटतात. त्यांच्या ओट्यावर एक डाग नसतो आणि त्यांचं दूध दहा मिनिटांत आटतं. कारण पांढऱ्याशुभ्र दुधाच्या दृश्यानंतर स्क्रीन अर्धा सेकंद काळी होते आणि पुढच्या दृश्यात तयार माल असतो. त्या अर्ध्या सेकंदात काय काय घडतं, त्याबद्दल हा लेख आहे.

आमच्याकडे पहिला आक्षेप नवऱ्याने घेतला. 'गॅस किती जाईल, याचा विचार केलायस?' असं म्हणून तो स्वतःच कागद घेऊन बसला. लिटरभर दूध उकळीला आणायची उष्णता एवढी. त्यातल्या पाऊण लिटर पाण्याची वाफ करायची उष्णता तिच्या जवळजवळ सहापट. शेगडीची निम्मी आच भांड्याच्या कडेने वाया जाते असं धरलं, तरी गॅस शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. चौदा किलोच्या सिलिंडरमध्ये १४० डबे, म्हणजे डब्यामागे सहा-सात रुपये. स्वतःचाच आक्षेप खोटा ठरल्यावर इतका खूश झालेला इंजिनिअर मी दुसरा पाहिला नाही. तो कागद घेऊन थेट सासूबाईंकडे गेला. सासूबाईंनी कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, 'आणि ढवळणार कोण, ते कुठे मांडलंयस?'

ते मांडलेलं नव्हतं.

'मंद आचेवर ठेवून अधूनमधून ढवळा' हे पाककलेतलं सर्वमान्य असत्य आहे. दुधाचं लक्ष आपल्याकडे असतं. आपण समोर उभे आहोत तोवर ते नुसतं बसून राहतं. दाराची बेल वाजली की उठतं. याला कारण आहे: वर साय धरते, खालून येणारी वाफ तिच्याखाली कोंडते, आणि मग सायीसकट सगळं शेगडीवर. या प्रकाराला घाबरून आच कमी करावी तर दूध तळाशी लागतं. वरून साय, खालून करपणं, कडेने खरवड. दुधाला तीन आघाड्यांवर लढता येतं आणि आपल्या हातात उलथनं एकच.

गंमत अशी, की या सगळ्या तापाला फाटा देऊनच तो डबा जन्माला आला. त्याचं श्रेय जातं गेल बॉर्डन या अमेरिकन गृहस्थाला. हा १८०१ चा जन्म. टेक्सासमध्ये याने जमिनीची मोजणी केली, वर्तमानपत्र चालवलं, आणि जमिनीवर नि पाण्यात दोन्हीकडे चालेल अशी शिडाची गाडीही बनवली. त्या गाडीने पाहुण्यांना समुद्रात नेऊन उलटं केलं असं सांगतात. मग त्याने मांस आटवून त्याची बिस्किटं काढली. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्या बिस्किटांना पदक मिळालं. गिऱ्हाईक मिळालं नाही, कारण परीक्षकांना एकच चावायचं होतं. असा हा दिसेल ते आटवत सुटलेला माणूस शेवटी दुधावर आला. शेकर नावाच्या धर्मपंथाच्या वसाहतीत त्याने निर्वात भांडं पाहिलं. भांड्यातली हवा ओढून घेतली की आतला पदार्थ कमी उष्णतेवर उकळतो. दूध पन्नास-पंचावन्न अंशांनाच उकळू लागतं आणि पाणी निमूट निघून जातं. ना लागणं, ना करपणं, ना रंग बदलणं. पेटंट कचेरीने बराच काळ 'यात नवीन काय?' म्हणून त्याला लटकवलं. (आमच्या सासूबाईंचाही हाच प्रश्न आहे.) अखेर १८५६ मध्ये पेटंट मिळालं, आणि पाच वर्षांनी सुरू झालेल्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात फौजेच्या मागणीने बॉर्डनचं भलं झालं. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दारूच्या भट्टीचा चोथा खाणाऱ्या गाईंचं निळसर दूध खडू कालवून पांढरं करून विकत असत. आमचा गवळी बिचारा नुसतं पाणी घालायचा. आम्ही त्याला उगाच बोललो.

निर्वात भांडं घरी नसतं. पण उंचावर गेलं की हवा विरळ होते आणि उकळबिंदू खाली येतो, एवढं शाळेत झालेलं असतं. नवऱ्याने तोही हिशेब केला. महाबळेश्वरला पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे फारसा फायदा नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर ७० अंशांच्या आसपास. बॉर्डनसाहेबांच्या पन्नास-पंचावन्न अंशांसाठी शेगडी, सिलिंडर आणि पातेलं घेऊन एव्हरेस्टच्याही वर पाच-सहा किलोमीटर चढावं लागेल. 'त्यापेक्षा सोमवारची वाट बघा,' सासरे म्हणाले. आमच्याकडे त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मधुमेहामुळे या प्रकरणात त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण तो त्यांनी बजावला.

शेवटी पातेलं चढलं. जाड बुडाचं. पहिली पाळी माझी, मग मुलीची, मग नवऱ्याची, आणि सर्वांवर देखरेख सासूबाईंची. ढवळणं हे काम दिसायला एकच, पण त्यात माणसाचा स्वभाव उघडा पडतो. मुलगी एका हातात मोबाइल धरून एकाच जागी गोल फिरवते, त्यामुळे मधला भाग सुखी आणि कडा अनाथ. नवरा आठचा आकडा काढतो, कारण त्याने तळाचा जास्तीत जास्त भाग व्यापला जातो म्हणे. मी मुकाट्याने तळ खरवडते. सासूबाई कुणाचंच ढवळणं पुरतं पाहू शकत नाहीत. दोन मिनिटांनी 'आण इकडे' म्हणून उलथनं हातात घेतात आणि मग दुखऱ्या गुडघ्यांबद्दल ऐकवत तासभर तिथेच उभ्या राहतात.

साखर केव्हा घालायची यावरून पहिली चकमक झडली. ताई म्हणतात, सुरुवातीलाच. सासूबाई म्हणतात, आटत आल्यावर. 'साखर आधी घालतात का कधी?' मी अर्ध्यावर घातली, म्हणजे दोघींचाही रोष घेतला. साखर पडली की एक चमत्कार होतो: तासभर घाम गाळून दाट केलेलं दूध पुन्हा पातळ दिसायला लागतं. त्या क्षणी बऱ्याच जणी हा नाद सोडतात. मग सोडा. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की आटताना वाढत जाणारा आंबटपणा मारला जातो आणि दूध फाटत नाही, असं त्यामागचं शास्त्र. पण त्याच सोड्याने दूध लवकर तांबूसही होतं. चिमूट कुणाची, यावर रंग ठरतो. नवऱ्याच्या चिमटीत सासूबाईंच्या तीन मावतात.

खरी अडचण मात्र पुढेच होती. आपल्याकडे दूध आटवायची लाइन जुनी आहे आणि तिच्यावरची स्टेशनं ठरलेली आहेत: आटीव दूध, बासुंदी, रबडी, खवा, शेवटी पेढा. कंडेन्स्ड मिल्क हे बासुंदीच्या पुढचं आणि खव्याच्या अलीकडचं असं स्टेशन आहे, जिथे आपली गाडी थांबतच नाही. दारात दांडी धरून उभं राहायचं आणि नेमकी फलाटावर उडी मारायची. जरा आधी मारली तर हातात नुसतं गोड दूध, जरा उशीर झाला तर थेट सातारचे कंदी पेढे. आणि फलाट आल्याची खूण दगाबाज. उलथन्याने तळावर रेघ ओढली आणि ती क्षणभर टिकून हळूच मिटली, की गॅस बंद करायचा. त्या वेळी ते पातळच दिसतं. 'अजून पाच मिनिटं,' असं घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच. या पाच मिनिटांनी महाराष्ट्रात आजवर किती बाटल्यांत खवा भरला असेल, देव जाणे. गरम असताना जे ओघळतं ते गार झाल्यावर थिजतं, हे समजावून सांगता येत नाही. ते सकाळी बाटली उलटी करून दाखवावं लागतं.

आणि सवय नावाची चीज असते. सासूबाईंचा हात आटलेल्या दुधावर रिकामा फिरूच शकत नाही. कडेला धरलेली साय त्यांनी बोटभर लांबीच्या पापुद्र्यांत सोडवून अलगद दुधात लोटली. 'आई, हे एकजीव हवं, गाठी नकोत,' मी म्हटलं. 'गाठी?' त्या म्हणाल्या. 'याला गाठी म्हणतात तुमच्याकडे?' मी गाळणी शोधायला वळले तेवढ्यात मागे खलबत्त्याचा आवाज आला. वेलदोडे! मी धावत जाऊन वाटी काढून घेतली. जायफळ मात्र किसून झालं होतं. थोडंसंच, झोप छान लागते म्हणून.

वास जिन्यात गेला आणि शेजारच्या काकू आल्या. त्या वासावर येत नाहीत, त्या नेहमी विळी मागायला येतात.

'बासुंदी का गं?'

'नाही काकू, कंडेन्स्ड मिल्क.'

'अगं बाई! घरी? आणि कशासाठी?'

'केकसाठी. पण उरलंच तर रविवारी झटपट बासुंदी करता येईल.'

काकू पातेल्याकडे बघत राहिल्या. मग सासूबाईंकडे. दोघी एकमेकींशी काहीच बोलल्या नाहीत. काकू विळी न घेताच गेल्या.

या दोघींसारख्या बायका ज्या देशात गल्लोगल्ली आहेत, त्या देशाविषयी एक किस्सा डॉ. वर्गीस कुरियन यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. १९५६ मध्ये ते स्वित्झर्लंडला नेस्लेच्या मुख्यालयात गेले होते. बाहेरून भुकटी आणि साखर आणून भारतात कंडेन्स्ड मिल्क करण्याऐवजी भारतातलंच दूध वापरा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांना ऐकवण्यात आलं, की कंडेन्स्ड मिल्क हे फार नाजूक काम आहे, ते नेटिवांवर सोपवता येणार नाही. कुरियन तडकाफडकी उठून आले, आणि दोन वर्षांत आणंदला अमूलने कंडेन्स्ड मिल्क काढलं. मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना राग आला नाही, कीव आली. 'नरसोबाच्या वाडीला घेऊन जायचं होतं त्यांना,' त्या म्हणाल्या. 'बासुंदी खाऊ घालायची आणि मग विचारायचं, हं, काय म्हणत होतात?'

पण एका बाबतीत स्विस साहेबाला थोडे गुण द्यावे लागतात. काम नाजूक आहे खरं. घरचं कंडेन्स्ड मिल्क पहिल्या दिवशी मखमली लागतं आणि दोन-तीन दिवसांनी दाताखाली कचकचतं. सगळे साखरेला दोष देतात: विरघळली नाही, जाड होती, रेशनची होती. साखर निर्दोष असते. कचकचते ती दुधातलीच साखर, लॅक्टोज. ती पाण्यात मुळात कमी विरघळते, आणि पाणी आपण घालवलेलं असतं. मग ती सावकाश, ऐसपैस स्फटिक धरत बसते. कारखान्यात दूध तीस अंशांच्या आसपास गार करताना त्यात लॅक्टोजची अतिबारीक पूड टाकून जोरात घुसळतात, म्हणजे मोजक्या मोठ्या स्फटिकांऐवजी अगणित बारीक होतात. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक स्फटिक जिभेला कळत नाहीत. तिसाच्या पुढे गेले की वाळू. आपल्याकडे दूध गार करायची पद्धत म्हणजे पातेलं खिडकीत ठेवून वर जाळी झाकणे. म्हणून घरचा माल दोनच दिवसांत संपवावा, असा कुटुंबाचा ठराव झाला. त्या ठरावाला कुणाचाही विरोध नव्हता.

आळशी लोकांसाठी दुसरी वाट आहे. दूधपावडर, पिठीसाखर, गरम पाणी, चमचाभर लोणी, सगळं मिक्सरमध्ये दोन मिनिटं. होतं, छान होतं, केकमध्ये कुणाला कळतही नाही. फक्त गरम पाणी घालून झाकण दाबून धरलं नाही, तर ते छतावरही होतं. पण तेवढ्याच पैशांची पावडर आणून दूध करायचं म्हटल्यावर मूळचा हिशेबच बुडतो, आणि सासूबाईंच्या मते पावडर हे दूध नव्हे, आजारपण आहे. तिकडे रशियात लोक उलट दिशेने जातात. आयता डबा न उघडता पाण्यात तास दोन तास उकळतात, म्हणजे आतलं दूध कॅरॅमलच्या रंगाचं होतं. डबा पूर्ण बुडालेला हवा. पाणी आटलं आणि डबा उघडा पडला तर तो फुटतो. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. तो लगेच दाबाचा हिशेब करायला बसेल.

सासूबाईंचा डब्याला सरसकट विरोध आहे असं मात्र समजू नका. खरवसाच्या बाबतीत त्या सपशेल शरण गेलेल्या आहेत. शहरात चीक मिळत नाही, आणि मिळालाच तर तो कुठल्या दिवसाचा हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तेव्हा दूध, दही आणि कंडेन्स्ड मिल्क सारख्या मापाने घेऊन, फेटून, केशर टाकून, कुकरला शिटी न लावता वाफवायचं. थरथरतो, कापला जातो, पाहुणे 'गावाहून आणलात?' विचारतात. सासूबाई यावर नुसतं हसतात. हसण्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

तर आमचा माल झाला. गाळला, जायफळासकट. रंग डब्यातल्यापेक्षा गुलाबीकडे झुकलेला, वास बासुंदीचा, दाटपणा मात्र अगदी उडी बरोबर पडल्याचा. लोणच्याच्या धुतलेल्या बाटलीत भरला. ती बाटली तीनदा धुतली होती तरी तिच्या झाकणाला मेथीची आठवण होती, पण तो विषय आम्ही काढला नाही. केकला अर्धी बाटली लागली. केक फुगला, कापला, संकष्टीला चंद्रोदयानंतर संपला. मुलीच्या मैत्रिणींनी 'यात काय घातलंय, भारी वास येतोय' असं विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, यातच सगळं आलं.

उरलेली अर्धी बाटली फ्रिजच्या दारात. साखर एवढी असते, की सीलबंद डबा फ्रिजबाहेरही वर्षभर टिकतो. जंतूंना लागणारं पाणीच ती साखर अडवून धरते. माणसांविरुद्ध मात्र साखरेचा काही उपयोग होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बोटभर उतरली होती. चमच्याची खूण कुठेही नाही, पृष्ठभाग सपाट. मुलगी घेते ती खड्डा पाडून, नवरा घेतो तो थेट बाटली तोंडाला लावून. हे काम चमच्याच्या पाठीने लिंपून ठेवणाऱ्याचं होतं, म्हणजे ज्याला घेतलेलं दिसू द्यायचं नाही अशाचं.

रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात फ्रिजचा दिवा दिसला. मी दारात जाऊन उभी राहिले. आप्पा पाठमोरे होते.

'आप्पा?'

'झाकण नीट लागलंय का बघत होतो,' ते म्हणाले. 'मुंग्या फार झाल्यात हल्ली.'

'फ्रिजमध्ये?'

त्यांनी थोडा विचार केला. 'लोणच्याचा वास येतो गं याला,' ते म्हणाले. 'पुढच्या वेळी बाटली चौथ्यांदा धू.'